जाळ्यातले क्रिकेट

क्रिकेट म्हटले की मोकळे मैदान, लख्ख ऊन आणि दूरवर आखलेली सीमारेषा डोळ्यांपुढे येते. पण डिसेंबर २०१४ मध्ये सोनी या दूरचित्रवाणी वाहिनीवर एक निराळेच क्रिकेट दिसू लागले. डोक्यावर छप्पर, चारी बाजूंना जाळी, विजेच्या दिव्यांचा झगझगाट, आणि आत मालिकांमुळे घरोघरी ठाऊक झालेले नट-नट्या बॅट-बॉल घेऊन उतरलेल्या! या स्पर्धेचे नाव होते ‘बॉक्स क्रिकेट लीग’. मुंबई वॉरियर्स, दिल्ली ड्रॅगन्स, पुणे अनमोल रत्न अशी शहरांची नावे लावलेले कलाकारांचे संघ त्यात एकमेकांशी खेळले. पुढे या स्पर्धेचे आणखी हंगामही झाले.

ही स्पर्धा पाहताना अनेकांना वाटले असेल, की हा तर नुसता पोरखेळ! एवढ्याशा जागेत खेळायचे, त्यात काय अवघड? मुंबई-पुण्याची मुले तर चाळीच्या अंगणात आणि इमारतीच्या गच्चीवर असे क्रिकेट कधीपासून खेळत आली आहेत.

पण जागा लहान केली म्हणजे खेळ सोपा होतो काय? मैदान लहान करता येते, खेळाडू कमी करता येतात, षटके कमी करता येतात. मात्र काही गोष्टी अशा आहेत, की त्या कोणत्याही नियमाने लहान होत नाहीत. पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण तेवढेच राहते. डोळ्यांकडून मेंदूकडे आणि मेंदूकडून हाताकडे संदेश जाण्यास लागणारा वेळ तेवढाच राहतो. विजेची वारंवारता बदलत नाही आणि आपला डोळाही तेवढाच नाजूक राहतो. जाळ्यातल्या क्रिकेटची सारी गंमत, आणि त्यातला धोकाही, या न बदलणाऱ्या गोष्टींत आहे.

खेळ कसा असतो?

छपराखालील क्रिकेटला आज ‘इनडोअर क्रिकेट’ म्हणतात. ताणलेल्या जाळ्यांच्या आत खेळण्याची त्याची पद्धत १९७० च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरात आकाराला आली. १९९५ मध्ये इंग्लंडमध्ये या खेळाची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि ती ऑस्ट्रेलियाने जिंकली.

या खेळाचे अंगण साधारण ३० मीटर लांब व ११ मीटर रुंद असते. वरची जाळी सुमारे साडेचार मीटर उंचीवर असते. प्रत्येक संघात आठ खेळाडू असतात व ते दोघा-दोघांच्या जोड्यांनी चार-चार षटके फलंदाजी करतात. बाद झालेला फलंदाज तंबूत परत जात नाही, तर संघाच्या धावसंख्येतून पाच धावा वजा होतात. चेंडू कोणत्या जाळीला लागला यावर जादा धावा मिळतात. गोलंदाजाच्या पाठीमागच्या जाळीला चेंडू टप्पा पडून लागला तर चार, आणि थेट लागला तर सहा. बाजूच्या जाळीवरून परतलेला चेंडू जमिनीला लागण्यापूर्वी झेलला, तर फलंदाज बाद होतो. गल्लीतले किंवा दूरचित्रवाणीवरचे बॉक्स क्रिकेट यात आपापल्या सोयीने फेरफार करते, पण मूळ रचना हीच.

आता थोडा हिशेब करू. ७० मीटर त्रिज्येच्या मोठ्या मैदानाचे क्षेत्रफळ सुमारे १५,४०० चौरस मीटर भरते. क्षेत्ररक्षण करणारे अकरा जण, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला १,४०० चौरस मीटर. जाळ्यातल्या अंगणाचे क्षेत्रफळ ३३० चौरस मीटर आणि खेळाडू आठ, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला अवघे ४१ चौरस मीटर! मोठ्या मैदानावर चेंडू ‘रिकाम्या जागेत’ मारता येतो. येथे रिकामी जागा जवळजवळ नाहीच.

गुरुत्वाकर्षण सूट देत नाही

मोठ्या मैदानावर षटकार मारण्यासाठी चेंडू ७० मीटर दूर पडला पाहिजे असे समजा. हवेचा विरोध क्षणभर विसरू. तिरपा फेकलेला पदार्थ ४५ अंशांच्या कोनात सर्वांत दूर जातो आणि त्या वेळी त्याने कापलेले अंतर म्हणजे वेगाच्या वर्गाला गुरुत्व त्वरणाने भागून येणारी संख्या. म्हणजे वेगाचा वर्ग ७० × ९.८ = ६८६, आणि वेग दर सेकंदास सुमारे २६ मीटर, अर्थात ताशी ९४ किलोमीटर. प्रत्यक्षात हवेच्या विरोधामुळे याहून जास्त वेग द्यावा लागतो. या मार्गाने जाताना चेंडू साडेसतरा मीटर उंच चढतो.

हाच फटका जाळ्यात मारला तर? चेंडू साडेचार मीटरवर छताच्या जाळीला धडकेल आणि डोक्यावरच झेल देईल. मग फलंदाजाने काय करावे? बॅटवरून निघताना चेंडू जमिनीपासून अर्धा मीटर उंच होता असे धरले, तर त्याला आणखी केवळ चार मीटर चढण्याची मुभा आहे. चार मीटर चढण्यास सुरुवातीचा उभा वेग २ × ९.८ × ४ या गुणाकाराच्या वर्गमुळाएवढा, म्हणजे दर सेकंदास सुमारे ८.९ मीटर असावा लागतो. एकूण वेग २६ मीटर असताना एवढाच उभा वेग हवा असेल, तर फटक्याचा कोन सुमारे २० अंशांचा येतो.

आता गंमत पाहा. या कोनात मारलेला चेंडू आपल्या सर्वोच्च बिंदूला सुमारे ०.९ सेकंदात पोहोचतो, आणि तेवढ्या वेळात तो २२ मीटर पुढे गेलेला असतो. गोलंदाजाच्या मागची जाळी जवळजवळ तेथेच असते! म्हणजे तेवढ्या जोराच्या फटक्याला २० अंश ही लक्ष्मणरेषा. त्याहून थोडा वर मारला की छप्पर, आणि फार खाली मारला की वाटेत क्षेत्ररक्षकाचे हात. मोठ्या मैदानावर उंच मारण्याची सवय झालेल्या खेळाडूची येथे पंचाईत होते ती यामुळे.

पाव सेकंदाचा खेळ

आता क्षेत्ररक्षकाकडे वळू. फटका मारलेला चेंडू दर सेकंदास २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर वेगाने येतो आहे असे धरा. मोठ्या मैदानावर ३० मीटर अंतरावर उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकापर्यंत पोहोचण्यास त्याला दीड सेकंद लागतो. जाळ्यात १० मीटरवर उभ्या असलेल्या खेळाडूला अर्धा सेकंद मिळतो. आणि ५ मीटरवर? फक्त पाव सेकंद!

पण हा सगळा वेळसुद्धा त्याच्या हाती नसतो. चेंडूवरून आलेला प्रकाश दृष्टिपटलावर पडतो, तेथून मज्जातंतूंमार्फत संदेश मेंदूकडे जातो, मेंदू त्याचा अर्थ लावतो, हाताच्या स्नायूंना आज्ञा धाडतो आणि मग कोठे हात हलू लागतो. या साखळीला लागणाऱ्या वेळास प्रतिक्रियाकाल म्हणतात. साध्या, अपेक्षित संकेतालाही तो सुमारे ०.२ सेकंद असतो. चेंडू डावीकडे येणार की उजवीकडे हे ठरवायचे असेल, तर आणखी वेळ लागतो. म्हणजे ५ मीटरवरील खेळाडूला हात हलवण्यासाठी शिल्लक राहतात ते जेमतेम ०.०५ सेकंद. एवढ्या वेळात कोणी झेल घेईल हे शक्य वाटत नाही, तरीही असे झेल घेतले जातात. हे कसे?

उत्तम खेळाडूंचा प्रतिक्रियाकाल आपल्याहून फार कमी असतो, असे तुम्हाला वाटेल. ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ पीटर मॅक्लिओड यांनी हे तपासून पाहिले. त्यांनी खेळपट्टीवरील चटईखाली लाकडी काठ्या ठेवल्या, त्यामुळे यंत्राने टाकलेला चेंडू टप्पा पडल्यावर अचानक इकडे किंवा तिकडे वळे. कसलेल्या फलंदाजांचे चित्रीकरण करून पाहिले, तेव्हा टप्प्यानंतर सुमारे ०.२ सेकंदापर्यंत त्यांनाही आपला फटका बदलता येत नाही असे आढळले. हे निष्कर्ष १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे मोठा खेळाडू आणि तुम्ही-आम्ही, यांच्या मज्जातंतूंत तसा फारसा फरक नाही!

फरक आहे तो अंदाजात. मायकेल लँड आणि मॅक्लिओड यांनी २००० साली फलंदाजांच्या डोक्यावर छोटा कॅमेरा बसवून त्यांची नजर कोठे जाते हे पाहिले. चेंडू हातातून सुटताच फलंदाज क्षणभर त्याच्याकडे पाहतो आणि मग त्याची नजर चेंडूच्या पुढे उडी घेऊन, टप्पा जेथे पडणार त्या जागी आधीच जाऊन थांबते. कसलेला फलंदाज ही उडी लवकर घेतो, नवखा उशिरा. क्षेत्ररक्षकाचेही तसेच. बॅट वर जाण्याची तऱ्हा, फलंदाजाच्या पायाची हालचाल आणि खांद्याचा कल यांवरून चेंडू मारला जाण्यापूर्वीच तो हलू लागतो. पाव सेकंदाच्या खेळात जो चेंडू पाहून धावतो तो हरतो, जो फलंदाज पाहून हलतो तो झेल घेतो. हा अंदाज सरावाने येतो. पडद्यावरचा नामांकित कलाकार जाळ्यात कधी अगदी भांबावलेला दिसतो याचे कारण हेच. त्याच्या डोळ्यांत किंवा हातांत खोट नसते, त्याच्या मेंदूपाशी पुरेसा अनुभव जमा झालेला नसतो.

चेंडू मऊ का, जाळी ढिली का?

एवढ्या जवळून येणारा चेंडू चुकणारच, हे गृहीत धरूनच खेळाची साधने बनवावी लागतात. नेहमीच्या चामडी चेंडूचे वस्तुमान सुमारे १६० ग्रॅम असते. टेनिसचा चेंडू ५६ ते ५९ ग्रॅमचा असतो. दर सेकंदास २० मीटर वेगाने जाणाऱ्या चामडी चेंडूची गतिज ऊर्जा ३२ जूल, तर टेनिसच्या चेंडूची सुमारे १२ जूल. इनडोअर क्रिकेटच्या स्पर्धांत वापरतात तो चेंडू चामड्याचाच, पण आतून मऊ केलेला असतो.

पण केवळ ऊर्जा पाहून भागत नाही. ती किती अंतरात खर्च होते हे महत्त्वाचे. चामडी चेंडू सिमेंटच्या भिंतीवर आपटून थांबताना साधारण ५ मिलिमीटर दबतो असे समजा. ३२ जूल ऊर्जेला ०.००५ मीटरने भागा. सरासरी बल येते ६,४०० न्यूटन, म्हणजे सुमारे ६५० किलोग्रॅम वजनाएवढे! तोच चेंडू जाळीत शिरला आणि जाळी अर्धा मीटर मागे ताणली गेली, तर ३२ भागिले ०.५, म्हणजे केवळ ६४ न्यूटन. शंभरपट फरक! झेल घेताना हात मागे न्यावेत असे गुरुजी सांगतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे. बाजूने भिंती न बांधता जाळ्या का लावतात, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल. जाळीच्या दोऱ्यांचे एकमेकींशी घर्षण होऊन बरीच ऊर्जा उष्णतेत जाते आणि चेंडू मंदावून परत येतो. म्हणूनच जाळीवरून परतलेला झेल घेणे शक्य होते.

डोळ्याची गोष्ट

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. चेंडू मऊ आहे, तेव्हा इजा होणारच नाही, असे पुष्कळांना वाटते. हात, पाय आणि बरगड्या यांच्यापुरते ते बरेचसे खरे आहे. डोळ्याच्या बाबतीत मात्र नाही.

आपला नेत्रगोल सुमारे २४ मिलिमीटर व्यासाचा असतो आणि तो हाडांच्या खोबणीत बसलेला असतो. या खोबणीचे तोंड सुमारे ४ सेंटिमीटर रुंद असते. क्रिकेटच्या चेंडूचा व्यास सात सेंटिमीटरहून थोडा जास्त, म्हणून कडक चेंडू समोरून आला तर त्याचा पुष्कळसा मार खोबणीच्या कडेची हाडे सोसतात. (अर्थात ती हाडेही मोडू शकतात!) मऊ चेंडू मात्र आदळताच दबतो, पसरतो आणि त्याचा फुगवटा खोबणीच्या आत घुसून नेत्रगोलावर दाब देतो. स्क्वॉशचा चेंडू जेमतेम ४ सेंटिमीटरचा असल्यामुळे तर तो जवळजवळ सगळाच आत बसतो. अशा दाबाने डोळ्यात रक्तस्राव होऊ शकतो किंवा दृष्टिपटल सुटू शकते.

तात्पर्य, गच्चीवर टेनिसच्या चेंडूने खेळतानाही फलंदाजाच्या अगदी तोंडासमोर, दोन-तीन मीटरवर कोणी उभे राहू नये. तेवढ्या अंतरावर चेंडू ०.१ ते ०.१५ सेकंदात पोहोचतो आणि आपला प्रतिक्रियाकाल आहे ०.२ सेकंद! तेव्हा डोळा वेळेवर मिटेल या भरवशावर राहता येत नाही. काचेचा चष्मा लावून तर जवळ उभे राहूच नये, कारण काच फुटली तर दुहेरी इजा. पॉलिकार्बोनेट या चिवट प्लॅस्टिकचे खेळण्यासाठी मुद्दाम केलेले चष्मे मिळतात, ते अशा वेळी उपयोगी पडतात. चेंडू लागल्यावर डोळा दुखू लागला, लाल झाला, अंधुक दिसू लागले किंवा डोळ्यासमोर ठिपके वा चमक दिसू लागली, तर डोळा चोळू नये, दाबू नये. ताबडतोब डॉक्टरांना दाखवावे.

दिवे आणि कॅमेरा

आता राहिली दूरचित्रवाणी. दिवसा उन्हात प्रकाश मुबलक असतो, छपराखाली तो विकत घ्यावा लागतो. तो इतका भरपूर का लागतो ते पाहा. कॅमेऱ्याची झडप प्रत्येक चित्रासाठी १/५० सेकंद उघडी राहिली, तर तेवढ्या वेळात २० मीटर वेगाचा चेंडू ४० सेंटिमीटर पुढे जातो. मग पडद्यावर चेंडू न दिसता पाच-सहा चेंडूंएवढा लांब पट्टा दिसेल. झडप १/१००० सेकंदच उघडी ठेवली, तर चेंडू फक्त २ सेंटिमीटर सरकतो आणि चित्र रेखीव येते. पण उघडी राहण्याची वेळ वीसपट कमी झाली, म्हणून प्रकाशही वीसपट हवा!

दुसरी अडचण आहे विजेची. भारतात विजेचा प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करतो. प्रत्येक आवर्तनात प्रवाह दोनदा शून्यावर येतो, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. आपल्या डोळ्यांना ते जाणवत नाही. पण संथगतीने दाखवण्यासाठी सेकंदाला ३०० चित्रे घेणारा कॅमेरा वापरला तर? दिव्याच्या एका चढ-उतारात तो तीन चित्रे घेईल आणि त्यांचा उजेड कमी-जास्त असेल. ही चित्रे सेकंदाला २५ या गतीने, म्हणजे बारापट सावकाश दाखवली, की १०० वेळा होणारी लुकलुक सेकंदाला सुमारे आठ वेळा होताना दिसेल, आणि ती डोळ्यांना चांगलीच खुपते. यावर उपाय म्हणजे दिवे विजेच्या तीन वेगवेगळ्या फेजवर वाटून लावणे. एक मंद होतो तेव्हा दुसरा तेज असतो. हल्ली एलईडी दिव्यांना स्थिर प्रवाह देणारी मंडले जोडून ही लुकलुक जवळजवळ नाहीशी करता येते.

आणि समोर जाळी असताना ती चित्रात आडवी कशी येत नाही? कॅमेरा जाळीच्या अगदी जवळ ठेवतात आणि भिंगाचे छिद्र मोठे करून खेळाडूवर केंद्रित करतात. मग जवळचे दोरे इतके अस्पष्ट होतात, की ते जणू विरघळून जातात. मच्छरदाणीला डोळा लावून समोरच्या भिंतीवरील घड्याळ पाहा, म्हणजे हे पटेल.

करून पाहा

१. मित्राला ३० सेंटिमीटरची पट्टी उभी धरायला सांगा. तिच्या शून्याच्या खुणेपाशी तुमचा अंगठा व बोट न चिकटवता ठेवा. मित्राने न सांगता पट्टी सोडताच ती पकडा. पट्टी १५ सेंटिमीटर घसरली तर तुमचा प्रतिक्रियाकाल सुमारे ०.१७ सेकंद, २० सेंटिमीटरला ०.२० आणि २५ सेंटिमीटरला ०.२३ सेकंद. दहा वेळा करून सरासरी काढा. मग कोणाशी तरी गप्पा मारत तोच प्रयोग करा. काय फरक पडतो?

२. टेनिसच्या नव्या चेंडूची परीक्षा अशी घेतात : २५४ सेंटिमीटरवरून सोडल्यावर तो कठीण जमिनीवरून १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळला पाहिजे. तुमच्या चेंडूला एक मीटरवरून फरशीवर, मातीवर आणि चार मित्रांनी ताणून धरलेल्या चादरीवर सोडून उसळी मोजा. किती ऊर्जा ‘हरवली’ आणि ती कोठे गेली?

३. तुमची मुले जेथे बॉक्स क्रिकेट खेळतात त्या जागेची लांबी-रुंदी मोजून, ताशी ७२ किलोमीटर वेगाच्या चेंडूसाठी प्रत्येक क्षेत्ररक्षकाला किती वेळ मिळतो याचा तक्ता वर्गात तयार करता येईल. शिक्षकांनी मुलांना विचारावे : ०.२ सेकंदाहून कमी वेळ मिळणाऱ्या जागा कोणत्या? खडूने त्या जागांवर फुली मारा, आणि पुढच्या डावापासून तेथे कोणी उभे राहणार नाही असा नियम तुमच्या संघापुरता करून टाका.